स्वतःच्या सुटकेचा प्लॅन स्वतःच पाठवणारी वऱ्हाडची रुक्मिणी!

कुणीतरी संकटात सापडलंय. खलनायकाची माणसं चहूबाजूंनी पहारा देतायत. वेळ फार थोडा उरलाय. आणि लांबून धुरळा उडवत नायक घोड्यावरून येतोय...

हा सीन तुम्ही कितीतरी वेळा पाहिला असेल. अमेरिकन टीव्हीवर एकेकाळी 'वेस्टर्न' मालिकांची लाट होती. काउबॉय, घोडे, बंदुका आणि धुळीने भरलेली गावं. 'गनस्मोक' ही मालिका १९५५ ते १९७५ अशी तब्बल वीस वर्षं चालली. 'बोनान्झा' १९५९ मध्ये सुरू झाली आणि १९७३ पर्यंत लोकांनी ती डोक्यावर घेतली. या मालिकांमध्ये दर काही आठवड्यांनी एक ठरलेला भाग असायचाच, तो म्हणजे 'सुटकेचा भाग'. कुणालातरी पळवलं जातं, कोंडून ठेवलं जातं आणि मग घरची माणसं किंवा शेरीफ त्याला सोडवून आणतात.

'बोनान्झा'चा अगदी पहिला भागही याच साच्यातला. १२ सप्टेंबर १९५९ रोजी तो दाखवला गेला. कार्टराइट कुटुंबाच्या जंगलातलं लाकूड खाणमालकांना हवं असतं. ते मिळवण्यासाठी घरातल्या एका मुलाला गावात बोलावून ओलीस ठेवायचं ठरतं. लोटा नावाच्या नटीला पुढे करून धाकट्या जोला जाळ्यात ओढलं जातं आणि मग त्याचे भाऊ त्याच्या मदतीला धावतात. संकट, धावाधाव, झटापट आणि सुटका. एका तासात खेळ खल्लास!

आता गंमत बघा. हाच सगळा मसाला असलेली एक गोष्ट आपल्या वऱ्हाडात शेकडो वर्षांपासून सांगितली जाते. तिच्यात घोडे आहेत, रात्रभराची दौड आहे, भर गर्दीतून केलेली सुटका आहे, मागे लागलेलं सैन्य आहे आणि शेवटी समोरासमोरची लढतही आहे. ही गोष्ट म्हणजे रुक्मिणीहरण. आणि गोष्टीचं ठिकाण आहे अमरावती जिल्ह्यातलं वर्धा नदीच्या काठचं कौंडण्यपूर.

पण या गोष्टीत एक मोठा फरक आहे. इथे जिला सोडवायचं आहे, ती नायकाची वाट बघत नुसती रडत बसत नाही. सुटकेचा अख्खा प्लॅन तिनेच बनवलेला आहे.

घरातच होता खलनायक

भागवत पुराणाच्या दहाव्या स्कंधात ही कथा येते. विदर्भाचा राजा भीष्मक. राजधानी कुंडिनपूर, म्हणजेच परंपरेने आजचं कौंडण्यपूर. राजाला पाच मुलगे आणि एक मुलगी. थोरला मुलगा रुक्मी आणि मुलगी रुक्मिणी.

द्वारकेच्या कृष्णाबद्दल येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकून रुक्मिणीने मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, की लग्न करीन तर याच्याशीच. घरातल्या इतरांचाही याला विरोध नव्हता. पण थोरल्या भावाला कृष्णाचा भयंकर तिटकारा. त्याने बहिणीचं लग्न चेदी देशाचा राजा शिशुपाल याच्याशी पक्कं करून टाकलं.

मग बाप काय करत होता? भागवत सांगतं, की भीष्मक मुलाच्या प्रेमापुढे झुकला आणि त्याच्या मनासारखं करायला तयार झाला. म्हणजे बापाला मुलगी काय म्हणते हे कळत नव्हतं असं नाही, पण मुलाला दुखवायची त्याची तयारी नव्हती. वाचताना हे घर ओळखीचं वाटतं ना?

लग्नाची तारीख ठरली. गाव सजलं. शिशुपाल वऱ्हाड घेऊन निघाला. कृष्ण काहीतरी गडबड करणार असा संशय होताच, म्हणून सोबत जरासंध, शाल्व, दंतवक्र, पौंड्रक असे मातब्बर मित्र आपापली सैन्यं घेऊन आले. थोडक्यात, लग्नाची वरात कमी आणि लष्करी छावणी जास्त!

सात श्लोकांचा निरोप

अशा वेळी रुक्मिणीने काय केलं? तिने एका विश्वासू ब्राह्मणाला गुपचूप द्वारकेला पाठवलं. भागवतात त्याचं नाव येत नाही, मराठी परंपरेत तो 'सुदेव' म्हणून ओळखला जातो. त्याच्यासोबत तिने जो निरोप दिला, तो भागवतात सात श्लोकांचा आहे. आपल्याकडे त्यालाच 'रुक्मिणीची पत्रिका' म्हणतात. जगातलं पहिलं प्रेमपत्र म्हणून सोशल मीडियावर ते अधूनमधून फिरत असतं.

पण हे पत्र नीट वाचलं तर लक्षात येतं, की ते प्रेमपत्राइतकंच मोहिमेचं टाचण आहे. त्यात काय काय आहे बघा.

निर्णय: मी तुला वरलं आहे, हे ती सुरुवातीलाच सांगून टाकते. 'तुला चालेल का' असा भिडस्त सूर तिच्यात नाही.

धोका: सिंहाचा वाटा कोल्ह्याने पळवू नये, असं ती शिशुपालाचं नाव घेऊन बजावते.

वेळ: लग्नाच्या आधी पोहोचायला हवं. आधी गुपचूप यायचं, सोबत सेनापती आणायचे.

अडचण: मी अंतःपुरात राहते. तिथून मला न्यायचं तर माझ्याच नातेवाइकांना मारावं लागेल. मग कसं करायचं, असा प्रश्न कृष्णाला पडणार, हे ती आधीच ओळखते.

उपाय: आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी कुलदेवीची मोठी यात्रा असते. नवरी गावाबाहेरच्या गिरिजेच्या देवळात दर्शनाला जाते. तिथे ये.

शेवटची अट: हे जमलं नाही तर मी प्राण सोडीन, शंभर जन्म लागले तरी चालतील.

कुठे यायचं, कधी यायचं, पहारा कुठे कमी असेल, रक्तपात कसा टाळायचा, हे सगळं तिने ठरवलेलं. कृष्णाला उरलं होतं फक्त रथ जुंपून वेळेवर पोहोचणं.

यातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा नातेवाइकांचा. ज्या घराने तिचं ऐकलं नाही, त्या घरातली माणसं मरू नयेत म्हणून तिने देवळाची जागा निवडली. तिला घरातून सुटायचं होतं, पण घर उद्ध्वस्त करायचं नव्हतं.

एका रात्रीत द्वारका ते विदर्भ

निरोप मिळताच कृष्णाने सारथी दारुकाला रथ जोडायला सांगितला. शैब्य, सुग्रीव, मेघपुष्प आणि बलाहक अशी त्या चार घोड्यांची नावं भागवताने नोंदवून ठेवली आहेत. कथा सांगते, की एका रात्रीत रथ विदर्भात पोहोचला.

नकाशावर द्वारका आणि कौंडण्यपूर यांच्यात सरळ रेषेत मोजलं तरी नऊशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. आजच्या गाडीलाही हा प्रवास एका रात्रीत झेपायचा नाही. अर्थात, ही पुराणकथा आहे, तिला ओडोमीटर लावायचा नसतो. पण त्या दौडीतून जे सांगायचंय ते स्पष्ट आहे. हाक आली की आधी निघायचं, बाकीचा विचार रथात बसून करायचा. कृष्ण एकटाच शत्रूच्या गोटात गेलाय हे कळल्यावर बलरामही सैन्य घेऊन मागून निघाला.

इकडे रुक्मिणीची काय अवस्था? सूर्य उगवायला आलेला, कृष्णाचा पत्ता नाही, निरोप घेऊन गेलेला ब्राह्मणही परत आला नाही. आपल्यातच काही कमी दिसलं का त्याला, अशी शंका तिला छळू लागते. प्लॅन कितीही पक्का असो, वाट बघण्याचे ते तास कुणाला चुकत नाहीत. मग डावा डोळा आणि डावा हात लवतो आणि ब्राह्मण हसऱ्या चेहऱ्याने समोर उभा राहतो. तेव्हा कुठे तिच्या जीवात जीव येतो.

देऊळ नेमकं कोणतं?

दुसऱ्या दिवशी ठरल्याप्रमाणे रुक्मिणी अंबिकेच्या देवळात निघाली. पायी आणि मौन पाळून. आजूबाजूला सख्या, अनुभवी बायका आणि हत्यारबंद शिपाई. दर्शन झालं, ओटी भरून झाली, ती बाहेर आली आणि सगळ्या राजांच्या डोळ्यांदेखत कृष्णाने तिला रथात घेतलं.

आता हे देऊळ कोणतं? अमरावतीकरांना विचाराल तर उत्तर ठरलेलं आहे: 'आमची अंबादेवी!' अमरावती शहरातल्या अंबादेवीच्या मंदिरातूनच कृष्णाने रुक्मिणीला नेलं, अशी इथली श्रद्धा आहे. शेजारीच एकवीरा देवीचं मंदिर आहे. नवरात्रात इथे मोठी गर्दी उसळते आणि घरात लग्न ठरलं की पहिली पत्रिका अंबादेवीपुढे ठेवण्याची रीत अनेक घरांत आहे. देवळापासून कौंडण्यपूरपर्यंत भुयार होतं, असंही जुनी माणसं सांगतात.

कौंडण्यपूरकरांचं म्हणणं मात्र वेगळं. त्यांच्या गावातही अंबिकेचं स्थान आहे आणि ते म्हणतात घटना इथलीच. अमरावती ते कौंडण्यपूर हे अंतर साधारण चाळीस किलोमीटर. नवरी देवळात पायी गेली, हे भागवतातलं वर्णन धरलं तर कौंडण्यपूरकरांची बाजू जड वाटते. श्रद्धेचं म्हणाल तर अमरावतीकर ऐकायचे नाहीत!

या वादात आणखीही भिडू आहेत. अरुणाचल प्रदेशातल्या भीष्मकनगरलाही रुक्मिणीचं माहेर मानणारी परंपरा आहे, आणि गुजरातमध्ये पोरबंदरजवळच्या माधवपूरला तर कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाची दरवर्षी जत्रा भरते. एकाच मुलीला इतकी गावं 'आमची लेक' म्हणतात, यातच या गोष्टीची ताकद कळते.

पुरातत्त्वाचं काय? डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनी १९६० च्या दशकात कौंडण्यपूरला उत्खनन केलं. सातवाहन काळातल्या आणि त्याहीआधीच्या वस्तीच्या खुणा तिथे सापडल्या. यावरून रुक्मिणी तिथे राहत होती असं सिद्ध होत नाही. पण हे गाव आजचं कालचं नाही, दोन हजारांहून जास्त वर्षांची जुनी वस्ती आहे, एवढं नक्की म्हणता येतं.

पाठलाग, लढत आणि अर्धी मिशी

सुटका झाली, पण गोष्ट संपली नाही. चांगल्या वेस्टर्नमध्ये असतो तसा पाठलाग अजून बाकी आहे.

जरासंध आणि मंडळी आधी मागे लागली. बलरामाच्या यादव सैन्याने त्यांना पिटाळलं. हिरमुसलेल्या शिशुपालाची समजूत जरासंधानेच काढली आणि वरात नवरीविना माघारी गेली.

रुक्मी मात्र हट्टी. 'कृष्णाला मारून बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही,' अशी प्रतिज्ञा करून तो निघाला. लढाईत हरला. कृष्णाने तलवार उचलली, तेव्हा रुक्मिणी मध्ये पडली आणि तिने भावाचा जीव मागितला. कृष्णाने त्याला मारलं नाही, पण वस्त्राने बांधून त्याचे केस आणि मिशा वेड्यावाकड्या भादरल्या.

इथे गोष्ट पुन्हा एक वळण घेते. मागून आलेला बलराम हे बघून कृष्णालाच झापतो. नातेवाइकाला असं विद्रूप करणं म्हणजे त्याला मारण्यासारखंच, हे वागणं आपल्याला शोभत नाही, असं सुनावून तो रुक्मीला मोकळं करतो. जिंकलेल्या नायकाला त्याचाच भाऊ चार शब्द ऐकवतो, हे अमेरिकन मालिकांमध्येही क्वचितच दिसेल.

रुक्मीने प्रतिज्ञा पाळली. तो राजधानीत परत गेलाच नाही. जिथे हरला तिथेच 'भोजकट' नावाचं नवं नगर वसवून राहिला. अमरावतीजवळचं भातकुली म्हणजेच भोजकट, असं मानणारे बरेच आहेत. हे नाव निव्वळ कथेतलं नाही हेही विशेष. अचलपूरजवळच्या चम्मक गावी वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा ताम्रपट सापडला. त्यात 'चर्मांक' हे गाव 'भोजकट राज्यात' असल्याचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे पाचव्या शतकात या भागाला भोजकट म्हणत होते, याचा हा तांब्यावर कोरलेला पुरावा.

सुटका की अपहरण?

आता मुख्य प्रश्न. या घटनेला 'हरण' म्हणतात, म्हणजे पळवून नेणं. मग कृष्णाला नायक का म्हणायचं?

धर्मशास्त्रात लग्नाचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यातला 'राक्षसविवाह' म्हणजे नातेवाइकांशी मारामारी करून, रडणाऱ्या मुलीला जबरदस्तीने उचलून नेणं. रुक्मिणी तिच्या निरोपात नेमका हाच शब्द वापरते. राक्षसविधीने मला ने, असं ती सांगते. पण त्या प्रकारातली मुलगी रडत असते, तिची इच्छा नसते. इथे तर मुलीनेच बोलावणं धाडलंय! बाहेरून दिसायला तो राक्षसविवाह, पण आतून तो मुलीच्या पसंतीचा विवाह.

म्हणून बहुतेक मराठी कवींनी या कथेला 'हरण' न म्हणता 'रुक्मिणीस्वयंवर' म्हटलंय. खरंतर इथे स्वयंवराचा मंडप नाही, हार घेऊन रांगेतून फिरणं नाही. तरीही हे स्वयंवरच, कारण वर तिने स्वतः निवडला.

उलट बाजू बघायची असेल तर पुन्हा अमेरिकेकडे जाऊ. १८३६ मध्ये टेक्सासमध्ये सिंथिया ॲन पार्कर या साधारण नऊ वर्षांच्या गोऱ्या मुलीला कोमांची आदिवासींनी पळवलं. ती त्यांच्यातच वाढली, तिने त्यांच्यातल्याच पुरुषाशी लग्न केलं, तिला तीन मुलं झाली. २४ वर्षांनी, १८६० मध्ये, टेक्सास रेंजर्सनी तिची 'सुटका' केली. गोऱ्या समाजाने आनंद साजरा केला. पण तिला परत कोमांचींकडे जायचं होतं. तिने पळून जायचा प्रयत्नही केला. तिला ते जमू दिलं गेलं नाही आणि ती त्या दुःखातच वारली. जॉन फोर्ड यांचा १९५६ चा गाजलेला वेस्टर्न चित्रपट 'द सर्चर्स' याच्यावर या घटनेची छाया आहे.

दोन्हीकडे घोड्यावरून आलेली माणसं बाईला उचलून नेतात. एकीला कुणी विचारलंच नाही. दुसरीने न विचारता स्वतःच सांगितलं. सुटका आणि अपहरण यांतला फरक एवढाच असतो: जिला नेलं तिची इच्छा काय होती?

मराठीतली पहिली कवयित्री आणि हीच गोष्ट

ही गोष्ट वऱ्हाडाची का, याचं आणखी एक भारी कारण आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं.

अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर नावाचं गाव आहे. महानुभाव पंथाचं हे मोठं तीर्थक्षेत्र. तेराव्या शतकात इथे श्रीगोविंदप्रभू राहत होते. एकदा त्यांनी लहर आल्यासारखं स्वतःच्या लग्नाचा खेळ मांडायला लावला. लग्न म्हटलं की गाणी हवीत. ती गायला पुढे आली महदाइसा, म्हणजेच महदंबा. पंथाचे आचार्य नागदेव यांची ती चुलत बहीण. तिने त्या प्रसंगी रुक्मिणीच्या लग्नाची गाणी रचून म्हटली. तीच 'धवळे'. काळ साधारण १२८६-८७ चा, म्हणजे ज्ञानेश्वरीच्याही काही वर्षं आधीचा.

महदाइसेला मराठीतली आद्य कवयित्री मानलं जातं. म्हणजे मराठीत ज्या पहिल्या बाईची कविता आपल्यापर्यंत पोहोचली, तिने विषय निवडला तो आपला नवरा आपणच निवडणाऱ्या मुलीचा. तोही तिच्या माहेरच्याच मुलखात बसून! आज मराठी भाषा विद्यापीठ याच रिद्धपुरात उभं राहतंय, त्यामागे हाच वारसा आहे.

त्यानंतर या कथेची मराठीत रांगच लागली. महानुभाव कवी नरेंद्र यांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिलं. देवगिरीच्या रामदेवराय यादवाला ते इतकं आवडलं, की त्याने सोन्याच्या मोबदल्यात ते स्वतःच्या नावावर मागितलं, असं महानुभाव परंपरा सांगते. नरेंद्रांनी साफ नकार दिला. पुढे संत एकनाथांनी १५७१ मध्ये काशीत 'रुक्मिणीस्वयंवर' पूर्ण केलं.

नाथांच्या या ग्रंथाबद्दल एक मजेशीर गोष्ट आहे. मुलीचं लग्न लवकर जमावं म्हणून तिला हा ग्रंथ वाचायला लावायची पद्धत महाराष्ट्रात जुनी आहे, आजही अनेक घरांत ती पाळली जाते. आई-वडील भक्तिभावाने मुलीच्या हातात पोथी देतात. आणि त्या पोथीतली मुलगी काय करते? घरच्यांनी ठरवलेलं स्थळ नाकारून स्वतःच्या पसंतीच्या मुलाला निरोप पाठवते! इतकी शतकं ही पोथी घराघरांत वाचली जातेय आणि तिच्यातला हा मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून निसटत आलाय.

मग ती टीव्हीवर आली

जुन्या पिढीने ही गोष्ट कीर्तनात ऐकली, नंतरच्या पिढीने ती टीव्हीवर पाहिली. बी. आर. चोप्रांची 'महाभारत' मालिका २ ऑक्टोबर १९८८ ला दूरदर्शनवर सुरू झाली आणि जून १९९० पर्यंत चालली. एकूण ९४ भाग. कृष्णाच्या भूमिकेत आपले नितीश भारद्वाज. रविवारी सकाळी मालिका लागली की रस्ते ओस पडायचे. त्यानंतर रामानंद सागर यांची 'श्रीकृष्ण' आली. लॉकडाउनमध्ये २०२० साली दोन्ही मालिका पुन्हा दाखवल्या गेल्या आणि नातवंडांनी आजी-आजोबांसोबत बसून त्या पाहिल्या.

टीव्हीवर साहजिकच रथ, बाण आणि पाठलाग जास्त भाव खाऊन जातात. कॅमेऱ्याला धावणारे घोडे आवडतात. निरोप लिहिणारी मुलगी शांत बसलेली असते, तिथे धुरळा उडत नाही. म्हणून रथ आणि घोडे लक्षात राहतात आणि त्या रथाला रस्ता दाखवणारी मुलगी मागे पडते. वेस्टर्न मालिकांचंही तेच झालं. सोडवणारा पोस्टरवर आला आणि जिला सोडवलं तिचं नावही कुणाला आठवेना.

माहेर अजून विसरलेलं नाही

वऱ्हाड मात्र आपल्या लेकीला विसरलेलं नाही. दरवर्षी आषाढीसाठी कौंडण्यपूरहून रुक्मिणीमातेची पालखी पंढरपूरला निघते. संत सदाराम महाराजांनी १५९४ मध्ये ही वारी सुरू केली असं सांगितलं जातं. विदर्भातल्या सगळ्यात जुन्या पालख्यांमध्ये तिची गणना होते. इतर पालख्या विठ्ठलाच्या भेटीला जातात. इथल्या वारकऱ्यांच्या मनात आणखी एक नातं असतं. ते लेकीच्या सासरी निघालेले असतात.

आणि पंढरपुरात तरी ती मुकाट्याने शेजारी उभी आहे का? तिथेही तिचं देऊळ वेगळं. ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली आणि तिला शोधत देव आला, अशी कथा आहे. एकदा स्वतःच्या मनाने घरातून निघालेली ही मुलगी नवऱ्याचं पटलं नाही तेव्हाही स्वतःच्या मनानेच निघाली!

आजची रुक्मिणी कुणाला निरोप पाठवेल?

ही नुसती जुनी गोष्ट म्हणून सोडून देता येत नाही, कारण आजही कितीतरी घरांमध्ये एक रुक्मी असतो आणि गप्प बसणारा एक भीष्मकही. मुलगी नको म्हणत असताना लग्नाचे पत्ते पडतात. कुठे तिचं वयही झालेलं नसतं.

फरक इतकाच, की आता निरोप घेऊन द्वारकेपर्यंत कुणाला पाठवावं लागत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा आहे आणि तो थांबवण्यासाठी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनवर फोन करता येतो. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे क्रमांक आहेत. सज्ञान मुला-मुलीच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्येच स्पष्ट केलंय, की दोन सज्ञान व्यक्तींनी एकमेकांची निवड केली तर त्याला कुटुंबाची, समाजाची किंवा जातीची परवानगी लागत नाही.

फोन मुलीनेच करायला हवा असंही नाही. शेजारीण, शिक्षिका, मैत्रीण, कुणीही करू शकतं. या गोष्टीतल्या सुदेवाकडे ना रथ होता, ना सैन्य, ना चमत्कार. त्याने एवढंच केलं, की एका मुलीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं आणि ते जसंच्या तसं योग्य माणसापर्यंत पोहोचवलं. तो वेळेवर निघाला नसता तर ते चार घोडे तबेल्यातच उभे राहिले असते.

पुढच्या वेळी अंबादेवीच्या दर्शनाला गेलात किंवा टीव्हीवर रुक्मिणीहरणाचा भाग लागला, तर रथाकडे बघाच. पण त्याआधी तिने धाडलेला तो निरोपही आठवा. गोष्ट खरी तिथून सुरू होते.